वरचा कारभार आणि आमची बांधी

काळजी करणं हा माझा पूर्वीचा जोडधंदा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर तोच मुख्य धंदा झाला. घर भंडाऱ्यात, वैनगंगेपासून फार लांब नाही. पवनीच्या बाजूला थोडी धानाची शेती, म्हणजे आमची बांधी. आणि धर्म जन्मापासून ख्रिस्ती. त्यामुळे जगावर देवाचं राज्य आहे हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेय. परवा मंडळीतल्या एका मुलीनं विचारलं, “आंटी, तुम्ही एवढ्या शांत कशा राहता?” ती माझ्या घरी कधी मुक्कामाला राहिलेली नाही हे उघड होतं. तिला हसून काहीतरी सांगितलं खरं, पण प्रश्न डोक्यात राहिला. त्याचं हे सवडीनं दिलेलं उत्तर.

१. शांत स्वभाव आणि शांती यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. हे समजायला मला अर्धा संसार लागला. आमच्याकडे ह्यांचा स्वभाव थंड. पाठ टेकली की पाच मिनिटांत घोरायला लागतात. मी इकडे छताकडे बघत पऱ्ह्यांचा, पावसाचा, पोरांचा विचार करत पडलेली. अनेक वर्षं मी मनातल्या मनात ह्यांना मोठे विश्वासू आणि स्वतःला अल्पविश्वासी ठरवून टाकलं होतं. भगिनी मंडळातही तशीच साक्ष दिली. पुढे पुढे लक्षात आलं की ह्यांना देवानं भक्कम झोप दिली आहे, ती वेगळी देणगी. गालील समुद्रात वादळ उठलं तेव्हा येशू नावेत उशाशी उशी घेऊन झोपला होता, हे खरं. पण त्या नावेत जागे राहून ओरडणारे शिष्यसुद्धा त्याच्याच बरोबर पलीकडच्या काठाला पोचले. मी त्या ओरडणाऱ्यांच्या बाजूची. तिकीट तेच, नाव तीच.

२. पुराला माझी परवानगी लागत नाही. हे वाक्य वाचायला बावळट वाटेल, पण ते मला २०२०च्या ऑगस्टअखेर, कमरेएवढ्या पाण्याच्या अलीकडे उभं राहून कळलं.

वैनगंगा आमच्याकडे येते ती शिवनी जिल्ह्यातून. पाऊस तिकडे मध्य प्रदेशात पडतो, तिकडचं संजय सरोवर भरतं, पाणी सोडतात, आणि इकडे कोरडं आभाळ असलं तरी नदी फुगते. खाली पवनीजवळ गोसीखुर्दचं धरण. १९८८ साली राजीव गांधींनी त्याची पायाभरणी केली तेव्हा मी तरुण होते. ३३ दारांच्या त्या धरणानं जिल्ह्याला काय दिलं आणि कोणाकोणाची गावं घेतली, तो वेगळा विषय. पण पुराच्या त्या रात्री सगळ्या भंडाऱ्याच्या तोंडी एकच प्रश्न होता: वर किती सोडलं, खाली किती दारं उघडली? मी मोबाईलवर आकडे बघत होते. कोणी म्हणे उतरलं, कोणी म्हणे आणखी एक लोंढा निघालाय. शेजारची बाई दारातून ओरडली, “पानी चढून रायलं जी बाई, सामान उचला!”

सामान उचलता उचलता मला त्र्याण्णवावं स्तोत्र आठवलं. इनमिन पाच ओव्यांचं. त्यात नद्या आपला आवाज उंचावतात, असं पुन्हा पुन्हा म्हटलंय, आणि त्या गर्जनेहून वरचा प्रभू थोर आहे, असं सांगितलंय. आयुष्यभर मी ते म्हटलं होतं, पण त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं की पाणी ओसरलं, असं त्या स्तोत्रात कुठेच नाही. नद्या शेवटपर्यंत गर्जतच आहेत. सिंहासन हललेलं नाही, एवढीच बातमी.

एवढीशी बातमी पुरेल असं मला वाटलं नव्हतं. पण आतलं काहीतरी एकदम सैल झालं. मी इतका वेळ नुसतं सामान उचलत नव्हते, मी मनानं वैनगंगा अडवून धरत होते. ते काम मला कोणी दिलेलंच नव्हतं. मग मी ह्यांची औषधं, शेतीचे सातबारे आणि सासूबाईंचं जुनं बायबल प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं, आणि गच्चीवर जाऊन बसले. थंड स्वभावाचे आमचे हे मात्र त्या रात्री जिना चढत-उतरत राहिले. फ्रिज गेला, गाद्या गेल्या, माझी पुस्तकं लगदा झाली. सोपवून दिलं म्हणून वस्तू वाचतात असं काही नाही.

माणसंही वाचतात असं नाही. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. आमच्या भागातल्या स्कॉटिश मिशनच्या कामाची सुरुवात त्यांच्यापासून. भूगर्भशास्त्राचे मोठे अभ्यासक. ४ सप्टेंबर १८६३ला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं बघून परतताना ते पूर आलेल्या ओढ्यात बुडून गेले. वय सेहेचाळीससुद्धा पूर्ण नव्हतं. आमच्या लहानपणी हिस्लॉपसाहेबांची गोष्ट सांगताना हा भाग घाईघाईनं उरकत. मला वाटतं तोच सावकाश सांगायला हवा.

३. घरात एकानं सगळं देवावर सोपवलं की दुसऱ्याला तांदळाचा डबा बघावा लागतो. हे कुठल्याही प्रवचनात ऐकायला मिळत नाही, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त मिळतं.

लक्ष्मीबाईंचे यजमान रेव्हरंड टिळक आमच्या गावचे नव्हेत, पण मी त्यांच्यावर थोडा हक्क सांगते. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थानं त्यांच्या हाती नवा करार ठेवला, ती गाडी आमच्या वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावरूनच जाते. डब्यातलं ते बोलणं आमच्या शिवारापाशी चाललेलं असेल अशी मी माझी समजूत करून घेतली आहे, ती कोणी मोडू नये. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाईंचं जग उलटंपालटं झालं. त्या स्वतः १९०० साली ख्रिस्ती झाल्या, मधली वर्षं ताटातुटीची. पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनच्या पगाराच्या नोकरीवर पाणी सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. दरबार देवाचा, आणि स्वयंपाकघर लक्ष्मीबाईंचं. हाती आलेलं देऊन टाकणारा नवरा आणि संध्याकाळी चूल पेटवायची असलेली बायको, हे चित्र वाचताना मी हसते आणि मग पुस्तक मिटून ह्यांच्याकडे बघते.

कारण आमच्याकडेही देवावर भरवसा ठेवण्याचं खातं ह्यांच्याकडे आणि पीककर्जाचं माझ्याकडे. “प्रभू बघेल,” असं हे म्हणतात तेव्हा प्रभू माझ्याकडे बघतो, असा माझा अनुभव आहे. याचा मला कित्येक वर्षं राग होता. आता राग कमी झालाय. गेला, असं म्हणणार नाही. टिळकांची श्रद्धा खरी होती हे मान्य, पण लक्ष्मीबाईंनी जी काटकसर केली तीसुद्धा श्रद्धाच होती आणि तिला कोणी काव्य म्हटलं नाही, एवढंच माझं म्हणणं.

४. पाखरं पेरत नाहीत, कापणी करत नाहीत, तरी देव त्यांना खायला घालतो, असं येशूनं सांगितलं. बरोबर आहे. पण आमच्याकडे तो त्यांना आमच्याच बांधीतलं घालतो. लोंब्या दुधात आल्या की थवेच्या थवे उतरतात. हा उतारा मंडळीत वाचला गेला की धानवाल्या घरातल्या बायका एकमेकींकडे बघून हळूच हसतात. त्या हसण्यातही विश्वास असतो. नाहीतर पुढच्या मृगात कोणी पऱ्हे टाकलेच नसते.

५. राज्यं बदलतात, आणि बरेचदा आपण पाणी भरायला गेलेलो असतो. माझी आजी भंडाऱ्यातलं घर न सोडता पहिल्यांदा मध्यप्रांतात राहिली, मग नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ला द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. त्याच्या आधी तिच्या आज्यापणज्यांवर १८५३पर्यंत नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं. आणि मी स्वतः वर्गात फळ्यावर भंडारा जिल्ह्याचा नकाशा काढायला शिकवत होते तो १ मे १९९९ला अर्ध्यावर आला. गोंदिया वेगळा झाला, मुलं म्हणाली, “बाई, आता हा भाग पुसायचा का जी?” इतकंच कशाला, आमच्या मंडळीवरची पाटीसुद्धा बदललेली आहे. २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात सहा पंथ एकत्र आले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. स्कॉटिश मिशन म्हणणारी म्हातारी माणसं शेवटपर्यंत स्कॉटिश मिशनच म्हणत राहिली.

हे सगळं मला पाठ आहे, तरी निवडणुकीचा निकाल लागायचा असला की मी रात्री दोनपर्यंत टीव्हीसमोर. आम्ही थोडी माणसं. कुठे चर्चवर दगड पडल्याची बातमी आली की पोटात गोळा येतो. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातला राजा नबुखद्नेस्सर हे सगळं मी माझ्या बळावर उभारलं असं म्हणाला आणि शेवटी बैलासारखं गवत खात रानात फिरला, ही गोष्ट मला लहानपणी गमतीची वाटायची, आता आधाराची वाटते. तिच्यातून आपल्याला काही होणार नाही अशी हमी निघत नाही; त्याच पुस्तकात विश्वासू माणसं भट्टीत टाकली गेली आहेत. एवढंच निघतं की गादीवर बसलेला कोणीही तिथे कायमचा बसलेला नाही. तेवढ्यावर मी टीव्ही बंद करते. मत द्यायला मात्र सकाळी सातला रांगेत असते.

६. काही ठिकाणी हा विश्वास तोंडातून बाहेर काढायचा नसतो.

९ जानेवारी २०२१च्या पहाटे आमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. दिवसभर टीव्हीवर भंडाऱ्याचं नाव. ज्या गावाला पितळेची भांडी आणि तळ्यांशिवाय कोणी ओळखत नव्हतं, ते असं देशाला माहीत झालं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मास्क लावून आम्ही उपासनेला जमलो. पाळकसाहेबांनी लांब प्रार्थना केली, गळा दाटून आला तिथे थांबले, पुन्हा केली. ते ठीक होतं. बाहेर पडताना मात्र एक गृहस्थ म्हणाले, त्याच्या मर्जीशिवाय पानसुद्धा हलत नाही.

मी काही बोलले नाही. पण चालत घरी येताना अंगाला कापरं भरलं होतं. ते वाक्य मी स्वतः मानते ना? पुराच्या रात्री त्याच वाक्यावर टेकून बसले होते ना? मग आज ते ऐकून किळस का आली? पुष्कळ दिवस हा प्रश्न मी चघळला. उत्तर असं वाटतं: माझ्या घरात पाणी शिरलं तेव्हा मी ते माझ्याविषयी म्हणत होते. कोणाच्या कुशीतलं दहा दिवसांचं बाळ गेलं त्या आईविषयी ते म्हणायचा अधिकार मला नाही. तिनं म्हटलं तर मी मान खाली घालीन. तिनं देवाला शिव्या दिल्या तरी मी मान खालीच घालीन.

बायबलमधल्या ईयोबावर दुःखं कोसळली आणि त्याचे मित्र आले, तेव्हा ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्या बिचाऱ्यांनी तेवढं एकच काम धड केलं. मग त्यांनी देवाची बाजू मांडायला सुरुवात केली, पानंच्या पानं मांडली, आणि शेवटी देव रागावला तो ईयोबावर नाही, त्याच्या वकिलांवर. हे पुस्तक आम्ही शाळेतल्या धड्यासारखं वाचतो आणि नेमका हा निकाल विसरतो.

आणखी एक. वरचा कारभार मानला म्हणजे खालच्यांना जाब विचारायचा नाही, असं होत नाही. चौकशी समिती नेमली गेली, ती नेमायलाच हवी होती. आमोसासारखे संदेष्टे देवाची सत्ता मानत होते म्हणून तर राजांविरुद्ध बोलले. जिथे वायर बघायला माणूस हवा, तिथे “देवाची इच्छा” म्हणणं ही त्या नावाची अवहेलना आहे. माझं हे मत आमच्या मंडळीत सगळ्यांना आवडत नाही.

त्या दिवसांत मी पंडिता रमाबाईंचं चरित्र पुन्हा काढलं. केडगावच्या मुक्ती मिशनचा भार आईनंतर मनोरमा उचलणार, असं सगळे धरून होते. २४ जुलै १९२१ला मनोरमाच गेली, चाळिशीची. रमाबाई पुढच्या ५ एप्रिलला गेल्या. मधल्या महिन्यांत त्या आपल्या मराठी बायबलच्या भाषांतरावर काम करत राहिल्या, आणि ते तडीस नेलं. दुष्काळात आईवडील गमावलेली, तरुणपणी विधवा झालेली, शेवटी एकुलती मुलगी पुरलेली ती बाई. शांती म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मी व्याख्या सांगणार नाही, त्या आठनऊ महिन्यांतल्या रमाबाईंच्या भाषांतराच्या टेबलाकडे बोट दाखवीन.

७. तक्रार करायला परवानगी आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काळोखात सुरू होतं आणि काळोखातच संपतं. ज्यानं कोणी स्तोत्रसंहिता जुळवली, त्यानं ते काढून टाकलं नाही. राजाकडे गाऱ्हाणं घेऊन जाणारा माणूस राजा मानतो म्हणूनच जातो.

८. देवाच्या कारभारात मी नुसती तलाठी, तरी कलेक्टरची फाईल घरी आणून उघडते, हा माझा मूळ रोग. औषधही त्यातच सापडलं. तलाठ्याला त्याचं दप्तर असतं, आणि ते काही कमी नसतं. कडपा भिजू नये म्हणून वेळेवर उचलायचा, तुडतुडा दिसला की फवारणीला माणूस बघायचा, धान खरेदी केंद्रावर नंबर लावायचा, आजारी बहिणीला डबा पोचवायचा. एवढं माझ्या हद्दीत. तुडतुडा यावा की नाही, हे माझ्या हद्दीत नाही.

याचा एक अनपेक्षित फायदा झाला. पूर्वी कापणीच्या सणाला मी अंगावरचं ओझं उतरवल्यासारखी जात असे, सुटलो बाबा एकदाचे. आता हौसेनं जाते. आमच्याकडे त्या रविवारी लोक पहिलं पीक वेदीजवळ आणून ठेवतात: धान, भोपळे, लाखोळीची डाळ, कोंबड्या, घरचं लोणचं. उपासना झाली की आवारात लिलाव. एका वर्षी आमच्या शेतातला बारीक तांदूळ होता, ‘जय श्रीराम’ वाणाचा. आमच्या भागात हा वाण फार चालतो. लिलाव पुकारणाऱ्या भावानं माईकवर दणक्यात नाव घेतलं, “जय श्रीराम, दहा किलो!” आणि अख्खी मंडळी पोट धरून हसली. पाळकसाहेबांनीच बोली लावून तो घेतला. बाहेर रस्त्यावरून जाणारा एक ओळखीचा गृहस्थ थबकून आत बघायला लागला, त्याला ह्यांनी आत बोलावून चहा पाजला. कोणाच्या राज्यात काय काय चालतं, हे ज्याचं त्याला माहीत.

९. सगळं सोपवता येत नाही. निदान मला आलेलं नाही. पूर, पीक, सरकार, माझं गुडघ्याचं ऑपरेशन, एवढ्यांवरचा ताबा मी सोडला. धाकटा मुलगा पुण्यात असतो. तो चर्चला जात नाही, प्रार्थनेचा विषय निघाला की फोनवर रेंज जाते. हा विषय मी रोज रात्री देवाच्या हाती देते आणि सकाळी चहाच्या आधी परत घेते. हे म्हणतात, “दिलंयस ना त्याच्याकडे? मग?” मी म्हणते, “दिलंय. आठवण करून द्यायला काय हरकत आहे?”

यावर माझ्या बाजूनं शास्त्राधार आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशूनं एका विधवेचा दाखला दिलाय. गावातला न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाला जुमानत नाही; ही बाई त्याच्या दारी येते, पुन्हा येते, पुन्हा येते, शेवटी तो कंटाळून तिचा निवाडा करतो. आणि येशू तिला गप्प बस म्हणत नाही, आपल्याला तिच्यासारखं व्हा म्हणतो. त्या विधवेचं गाव कुठलं हे तिथे लिहिलेलं नाही. मला ती आमच्या भंडाऱ्याकडची वाटते.